आत येणारी फाइल: काय ठेवायचं, काय सोडायचं

सरकारी कामांच्या निविदा भरणाऱ्या ठेकेदाराला 'बीओक्यू' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. महाटेंडर्सच्या पोर्टलवरून ही एक्सेलची फाइल उतरवून घ्यायची, आपले दर भरायचे आणि तीच फाइल परत चढवायची. फाइल उघडताच पहिली सूचना दिसते ती मॅक्रो सुरू करण्याची. त्याशिवाय आतला तक्ता दिसत नाही. दुसरी सूचना तेवढीच कडक असते: साच्यात कसलाही बदल करू नका, केलात तर निविदा बाद होऊ शकते. राज्यभरातले ठेकेदार, त्यांचे हिशेबनीस आणि त्यांना फॉर्म भरून देणारी कॅफेतली मुलं वर्षानुवर्षं पिवळ्या पट्टीवरचं 'एनेबल कंटेंट' निमूटपणे दाबत आली आहेत. त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.

पण नेमकी अशीच सूचना 'इमोटेट'सारख्या मालवेअरच्या वर्ड फाइलींमध्येही असायची: कागद संरक्षित आहे, पाहण्यासाठी 'एनेबल कंटेंट' दाबा. दोन फाइली शेजारी ठेवल्या तर टेबलावरच्या माणसाला त्यातली खरी कुठली हे कळायला मार्ग नाही. ज्या सॉफ्टवेअरबद्दल हे पुस्तक आहे त्यालाही ते कळत नाही, आणि ते कळून घ्यायच्या फंदातही ते पडत नाही. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल संशयित धरायची, ती पूर्ण सुटी करायची, ओळखीचे आणि निरुपद्रवी भाग तेवढे घेऊन नवी फाइल बांधायची आणि ती आत पाठवायची, असा त्याचा खाक्या. या धंद्यात त्याला 'कंटेंट डिसआर्म अँड रीकन्स्ट्रक्शन', थोडक्यात सीडीआर म्हणतात. बोलताना सगळे 'फाइल सॅनिटायझेशन'च म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार आहे.

आता बीओक्यू या यंत्रातून गेली तर मॅक्रो जातील, साचा बदलेल आणि ठेकेदाराची निविदा बाद होईल. यंत्राला वळसा घालून सोडली तर मॅक्रोवाल्या फाइलींसाठी कायमची वाट मोकळी होईल. प्रोसेसिंग मोड ठरवणं म्हणजे असले तोटे समोर मांडून कुठला पत्करायचा, कोणाच्या बाबतीत पत्करायचा, हे ठरवणं. व्हेंडरच्या ब्रोशरमध्ये तोट्यांचा उल्लेख नसतो. तिथे मोड म्हणजे सुरक्षेच्या चढत्या पायऱ्या असतात, 'बेसिक', 'स्टँडर्ड', 'मॅक्सिमम'. माझा या मांडणीला विरोध आहे, आणि ही प्रस्तावना बरीचशी त्या विरोधातूनच लिहिली गेली आहे.

आधी थोडं मागे जाऊ. 2011 च्या मार्चमध्ये आरएसए या कंपनीत घुसखोरी झाली. ही साधीसुधी कंपनी नव्हे. बँका आणि संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्या लॉगिनसाठी जे 'सिक्युअरआयडी'चे टोकन वापरत, ते बनवणारी. घुसखोरीची सुरुवात झाली एका एक्सेल फाइलपासून. नाव '2011 रिक्रूटमेंट प्लॅन'. उघडली तर शीट जवळजवळ कोरी, एका कोपऱ्यात एक फुली. त्या फुलीच्या जागी फ्लॅशचा एक तुकडा एम्बेड केलेला होता, आणि त्याने फ्लॅशमधल्या तोवर कोणाला माहीत नसलेल्या त्रुटीचा फायदा घेतला. अँटिव्हायरसला दोष देता येत नाही. त्याची पद्धत ओळखीचा चोर पकडण्याची, आणि हा चोर नवा होता.

सॅनिटायझेशनवाल्यांना ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात त्यांची बाजू स्वच्छ दिसते. भरतीच्या तक्त्यात फ्लॅशचं काय काम? वाईट आहे की चांगलं हे विचारायचंच नाही, काढून टाकायचं. पण याच गोष्टीतला दुसरा तपशील ते घाईत सांगतात. ती मेल मुळात जंक फोल्डरमध्येच गेली होती. गाळणीने आपलं काम केलं होतं. एका कर्मचाऱ्याने ती तिथून बाहेर काढली आणि उघडली. म्हणजे अडवलेली फाइल परत मिळवण्याची सोय कोणाच्या हातात ठेवायची हा प्रश्न 2011 मध्येही तितकाच महत्त्वाचा होता. आजच्या उत्पादनांत तोच 'रिलीज ओरिजिनल' या बटणाच्या रूपात समोर येतो.

फाइल सुटी करणं म्हणजे काय, हे वाचकाने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावं. वर्डची कुठलीही 'डॉकएक्स' फाइल घ्या, तिची प्रत काढा, शेपूट बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील. 'वर्ड' नावाच्या फोल्डरात मजकुराची एक्सएमएल फाइल, शेजारी चित्रांचं फोल्डर, शैलींची फाइल. मॅक्रोवाली फाइल असेल तर 'व्हीबीएप्रोजेक्ट' नावाची एक बायनरी फाइल. आणि 'रेल्स' नावाचं एक छोटं फोल्डर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. त्यात फक्त नाती लिहिलेली असतात: हे चित्र इथे आहे, ही लिंक तिकडे जाते, हा भाग बाहेरून आणायचा आहे. 2022 च्या मे महिन्यात 'फोलिना' नावाने गाजलेला हल्ला नेमका या यादीतल्या एका ओळीवर उभा होता. ती ओळ वर्डला सांगायची की अमुक पत्त्यावरून एक वेबपान आणायचं आहे. ते पान विंडोजच्या दुरुस्ती-सहाय्यकाला हाक मारायचं आणि त्याच्यामार्फत हवी ती आज्ञा चालवायचं. फाइलमध्ये मॅक्रो नावालाही नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप बंद ठेवण्याचं जाहीर केलं होतं. जुलैमध्ये तो बदल काही दिवस मागेही घेतला, मग पुन्हा लागू केला. त्या निर्णयाने खूप भलं झालं, पण मॅक्रो गेले म्हणजे धोका गेला असं मानणाऱ्यांना फोलिनाने लगेच जमिनीवर आणलं.

त्याआधी 2017 मध्ये ऑफिसमधला जुना इक्वेशन एडिटर असाच अडचणीत आला होता. गणिती सूत्रं टाइप करण्यासाठी असलेला हा छोटा प्रोग्राम 2000 सालानंतर कोणी नव्याने कंपाइलसुद्धा केलेला नव्हता, पण ऑफिस बसवलेल्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर हजर होता. 2018 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला. फाइल सॅनिटायझेशनचं तर्कशास्त्र अशा उदाहरणांतून पटतं. फाइलमधला एखादा भाग कुठला झोपलेला प्रोग्राम जागा करेल याची यादी कोणी करू शकत नाही, म्हणून ज्या भागांची गरज आहे त्यांचीच यादी करायची.

इथवर कोणाचं दुमत नसतं. 'गरज आहे' म्हणजे कोणाला, असं विचारलं की ते सुरू होतं.

बाजारातल्या उत्पादनांत नावं वेगवेगळी असली तरी मोड साधारण चार-पाच जातींचेच सापडतात. एक नुसता पाहणारा: काय सापडलं ते लॉगमध्ये लिहितो, फाइल जशीच्या तशी सोडतो. फोर्टिनेटच्या फायरवॉलमध्ये 'डिटेक्ट-ओन्ली' म्हणून तो आहे. दुसरा फाइलचा प्रकार तोच ठेवून आतले चालते भाग काढणारा, म्हणजे वर्डची वर्डच राहते, मॅक्रो आणि एम्बेड केलेल्या वस्तू जातात. तिसरा सगळ्याची पीडीएफ करणारा. चेक पॉइंटच्या 'थ्रेट एक्स्ट्रॅक्शन'मध्ये दुसरा आणि तिसरा असे दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात, आणि बहुतेक ॲडमिनची पहिली रस्सीखेच तिथेच होते. चौथा प्रकार टोकाचा. तो पानांची चित्रं काढतो आणि चित्रांपासून नवी पीडीएफ बनवतो. अनोळखी माणसाने दिलेल्या पत्राची झेरॉक्स काढून मूळ पत्र उंबऱ्याबाहेरच ठेवावं, तसा. पत्रकारांसाठी बनवलेलं 'डेंजरझोन' हे मुक्त सॉफ्टवेअर असंच चालतं. मायका ली यांनी ते सुरू केलं, पुढे फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनने हाती घेतलं, आणि त्याची मूळ कल्पना 'क्यूब्ज' या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांची. फाइल एका बंदिस्त कंटेनरमध्ये उघडायची, बाहेर येऊ द्यायचे ते फक्त पिक्सेल. पाचवा, अडवणारा. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तो अडवतो.

पाहणाऱ्या मोडबद्दल मात्र एक शब्द. सुरुवातीचे काही आठवडे हाच मोड लावावा असं सगळे सांगतात, या पुस्तकाचे लेखकही सांगतात, आणि ते बरोबर आहे. आपल्याकडे रोज काय येतं हे आधी कळलं पाहिजे. अडचण अशी की कितीतरी कार्यालयांत तो मोड पुढे कोणी बदलत नाही. तपासणीच्या दिवशी उत्पादन बसवलेलं दिसतं, डॅशबोर्डवर आलेख हलत असतात, आणि फाइली पूर्वीसारख्याच आत येत असतात. पाहणारा मोड लावायचा तर तो कोणत्या तारखेला बदलायचा हे त्याच दिवशी लिहून ठेवावं.

आता तोट्यांकडे येतो. मराठीत काम करणाऱ्यांना जो पहिला बसतो त्यापासून.

2011 मध्येच बुडापेस्टच्या क्रायसिस लॅबला 'डुकू' नावाचा एक मालवेअर सापडला. तो वर्डच्या फाइलीतून यायचा, आणि त्याचं हत्यार होतं एक फॉन्ट. विंडोजच्या कर्नलमध्ये ट्रूटाइप फॉन्ट वाचणाऱ्या भागातली त्रुटी त्याने वापरली. फॉन्टचं नाव ठेवलं होतं 'डेक्स्टर रेग्युलर', अमेरिकी टीव्ही मालिकेतल्या खुनी नायकावरून. लिहिणाऱ्याला विनोदाचं अंग असावं. तेव्हापासून सॅनिटायझर बनवणारे एम्बेड केलेल्या फॉन्टकडे वाकड्या नजरेने बघतात, आणि कडक मोडमध्ये ते काढून टाकून त्या जागी सिस्टीमचा फॉन्ट लावतात. इंग्रजी कागदाचं यात फारसं बिघडत नाही, फार तर ओळी थोड्या इकडेतिकडे होतात.

आपल्याकडे काय होतं? सी-डॅकच्या 'सुरेख'सारखे फॉन्ट किंवा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी यांत टाइप केलेला जुना मजकूर युनिकोडमध्ये नसतो. फाइलीच्या पोटात असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक क्रमांक. त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट काढला की 'महाराष्ट्र शासन'च्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि चौकोनांचं कडबोळं उरतं. फाइल सुरक्षित असते, फक्त वाचता येत नाही. जिल्हा परिषदांची जुनी परिपत्रकं, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, छापखान्यांकडून आलेली पानं यांचा मोठा भाग या जातीचा आहे. परदेशी उत्पादनाच्या चाचणीत अशी फाइल येण्याची शक्यता शून्याच्या जवळ. ती आपणच घालून पाहायची असते.

मग चित्रांचा मोड लावावा का? तिथे फॉन्टचं चित्रच होत असल्याने अक्षरं शाबूत राहतात. पण पान नुसतं दिसतं. शोधता येत नाही, त्यातून मजकूर कॉपी करता येत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध कर्मचाऱ्यापुढे ते कोरं असतं. ओसीआर लावता येतो. टेसरॅक्ट या मुक्त इंजिनाला मराठी येतं. तरी जोडाक्षरं आणि मराठी आकडे यांवर त्याचा पाय घसरतो, आणि गट नंबरातल्या तिनाचा आठ झाला तर तो टायपो राहत नाही, ती दुसऱ्याची जमीन होते. म्हणून ओसीआरचा थर शोधण्यापुरता वापरावा, आकडा उचलायचा तो डोळ्यांनी चित्र पाहूनच. लेखकांनी हे ठळक छापलंय ते योग्यच.

दुसरा तोटा सहीचा. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा, कंपनी सेक्रेटरीने सही केलेला ठराव, ई-साइन केलेला करार, या सगळ्यांत सही कागदावर बसत नाही, फाइलीच्या नेमक्या बाइट्सवर बसते. एक बाइट बदलला तरी पडताळणी तुटते. आणि सॅनिटायझर तर अख्खी फाइल नव्याने बांधतो. निघालेल्या पीडीएफमध्ये मजकूर तोच, सहीचा चौकोनही कदाचित तसाच दिसतो, पण ॲक्रोबॅटमध्ये पाहिलं तर सही एक तर गायब किंवा अवैध. बँकेच्या कर्जविभागात अशी फाइल गेली की अर्जदारावर बनावट कागदाचा संशय येतो. इथे मोडची कडक-मवाळ अशी तुलनाच लागू पडत नाही. कितीही मवाळ पुनर्बांधणी केली तरी सही जाणारच. उपाय एकच: वाचायला स्वच्छ प्रत द्यायची, मूळ फाइल वेगळ्या ठिकाणी न उघडता जपायची, आणि सही तपासण्याचं काम एका वेगळ्या, एकाकी संगणकावर करायचं. त्याला वेळ लागतो, कोणाला तरी नेमावं लागतं. ते न करता 'साइन केलेल्या पीडीएफ वगळा' असा नियम लिहिणं सोपं असतं. हल्लेखोरालाही पीडीएफवर कसली तरी सही करता येते, हे तो नियम लिहिताना कोणी लक्षात घेत नाही.

तिसरा तोटा छायाचित्रांचा. मेटाडेटा काढणं हे बहुतेक मोडमध्ये आधीच टिक केलेलं असतं, आणि एरवी ते चांगलंच आहे. 2003 मध्ये ब्रिटिश सरकारने इराकवरचा कुप्रसिद्ध दस्तऐवज वर्डच्या फाइलीत प्रसिद्ध केला, तेव्हा आतल्या नोंदींवरून शेवटचे बदल कोणाकोणाच्या संगणकावर झाले ते जगाला कळलं. बाहेर जाणाऱ्या फाइलीचा मेटाडेटा काढावाच. पण आत येणाऱ्या, पीकविम्याच्या पाहणीतल्या जिओटॅग केलेल्या फोटोचा? त्याचं सगळं मोल त्या अक्षांश-रेखांशात आहे. ते पुसल्यावर उरतं कुठल्या तरी शेतातल्या कुठल्या तरी सोयाबीनचं चित्र. काही उत्पादनं फोटो नव्याने एन्कोड करताना त्यात बारीक नॉइजही मिसळतात, लपवलेला मजकूर मरावा म्हणून. वैद्यकीय स्कॅन किंवा पुराव्याचं छायाचित्र यांच्या बाबतीत ते कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही.

या तिन्ही उदाहरणांत फाइलीचा प्रकार सांगून काही ठरत नाही. पीडीएफ म्हणजे परिपत्रक असू शकतं, सातबारा असू शकतो, नुसतं कोटेशन असू शकतं. उत्पादनांची पॉलिसी-स्क्रीन मात्र प्रकारांनुसार मांडलेली असते: पीडीएफसाठी हा मोड, एक्सेलसाठी तो. म्हणून ॲडमिनही तसाच विचार करायला लागतो. या पुस्तकाने उलटी बाजू धरली आहे, आणि मला ते त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. आधी विचारायचं, फाइल घेणारा माणूस तिचं करणार काय? नुसती वाचणार, तर पीडीएफ किंवा चित्र पुरे. तिच्यात लिहिणार, तर प्रकार तोच ठेवून सफाई. तिच्यावरून हिशेब करणार, तर सूत्रं टिकली पाहिजेत आणि बाहेरच्या लिंक गेल्या पाहिजेत. तिचा पुरावा करणार, तर मूळ हवं. मग या उत्तरांना पत्ते नेमून द्यायचे. निविदांसाठी वेगळा मेलबॉक्स, कर्जाच्या कागदांसाठी वेगळं अपलोडचं पान, अर्ज-बायोडेटासाठी वेगळा पत्ता. आणि मोड त्या पत्त्याला लावायचा. निविदा भरणाऱ्याच्या बीओक्यूचा प्रश्नही तिथेच सुटतो. पोर्टलवरून थेट उतरवून घेण्यासाठी एक ठरावीक संगणक, ज्यावर मेल नाही, टॅली नाही, कार्यालयाच्या नेटवर्कची वाट नाही.

स्क्रीनच्या तळाशी, 'ॲडव्हान्स्ड' असं लिहिलेल्या पट्टीखाली, काही सेटिंग असतात. ती सहसा कोणी उघडत नाही. माझ्या मते खरा मोड तिथे ठरतो.

पहिलं, इंजिनाला फाइल वाचता आली नाही तर काय? फोर्टिनेटमध्ये याला तीन उत्तरं देता येतात: अडवा, नुसती नोंद करून सोडा, दुर्लक्ष करा. फाइल मुद्दाम थोडी मोडकी बनवणं हल्लेखोराला अवघड नसतं. वर्ड किंवा ॲक्रोबॅट मोडकी फाइलही सांभाळून घेतात, सॅनिटायझरचं इंजिन मात्र हात टेकतं. तिथे 'सोडा' असेल तर वर निवडलेला 'मॅक्सिमम' हा शब्द सजावटीपुरता उरतो. वेळेच्या मर्यादेचंही तेच. काही उत्पादनांत फाइल तपासून होईपर्यंत थोपवता येते किंवा आधी पोचवून तपासणी मागाहून चालवता येते. दुसऱ्या पद्धतीत अहवाल बरोबर येतो, पण तोवर फाइल उघडून झालेली असते.

दुसरं, पासवर्ड असलेल्या फाइली. कुलूपबंद फाइल सुटी करता येत नाही, आणि इमोटेटवाले झिपला पासवर्ड लावून तो मेलमध्येच लिहून पाठवत ते याचसाठी. परदेशी सल्ला असतो, सरसकट अडवा. आपल्याकडे ते दोन दिवससुद्धा टिकणार नाही. ई-आधारची पीडीएफ पासवर्डची, ऑफलाइन ई-केवायसीची झिप शेअर कोडची, बँकेचं स्टेटमेंट पासवर्डचं. त्यामुळे आपल्याला सोईचा मोड तोच, ज्यात फाइल थांबते, घेणाऱ्याला पासवर्ड विचारला जातो, कुलूप यंत्रातच उघडलं जातं आणि मग सफाई होते. विकत घेण्याआधी व्हेंडरला विचारण्याचा हा पहिला प्रश्न असावा. नंतर विचारला तर उत्तर 'पुढच्या व्हर्जनमध्ये' असं येतं.

तिसरं, फाइलीत फाइल किती खोलवर उघडायची. '42 झिप' नावाची एक जुनी करामत आहे. आकार 42 किलोबाइट, पण आतल्या झिपांचे थर पूर्ण उलगडले तर सुमारे साडेचार पेटाबाइट. मर्यादा घालावीच लागते, आणि मर्यादेपलीकडे काय करायचं हा प्रश्न पुन्हा पहिल्याच सेटिंगकडे येतो.

आणि एक गोष्ट, जी हे सॉफ्टवेअर विकणारा तुम्हाला सांगणार नाही. फाइल सुटी करणारं यंत्र स्वतःही एक प्रोग्रामच असतं, आणि जगातली सगळ्यात घाणेरडी फाइल सर्वांत आधी त्याच्याच हातात पडते. गिटलॅबमध्ये अपलोड केलेल्या चित्रांतला मेटाडेटा काढायला 'एक्झिफटूल' वापरत. 2021 मध्ये त्यात एक त्रुटी निघाली. नावाने 'जेपेग' असलेली फाइल आतून 'डेजाव्यू' प्रकारची असली की टूल नावावर न जाता आतल्या मजकुरावर जायचं, तो प्रकार वाचायला घ्यायचं आणि हल्लेखोराची आज्ञा चालवून बसायचं. सफाईसाठी ठेवलेल्या टूलमधूनच सर्व्हर हातचे गेले. 2023 च्या मे महिन्यात बॅराकुडाच्या ईमेल सुरक्षा उपकरणांचं असंच झालं. अटॅचमेंटमधल्या 'टार' गाठोड्यातल्या फाइलींची नावं नीट न तपासता वापरली जात होती, आणि त्या नावांतच आज्ञा लपवता येत होती. वापरकर्त्याने काहीच उघडायची गरज नव्हती; मेल उपकरणापर्यंत पोचली की झालं. हा प्रकार आदल्या ऑक्टोबरपासून चालू होता. शेवटी कंपनीने ग्राहकांना सांगितलं, पॅच लावून भागणार नाही, उपकरणच बदला.

म्हणून मोडच्या चर्चेत हेही यायला हवं की इंजिन कुठे चालतं. प्रत्येक फाइलीनंतर फेकून दिल्या जाणाऱ्या कंटेनरमध्ये, की मेल सर्व्हरच्या शेजारी सगळ्या अधिकारांनिशी? त्याला बाहेरच्या नेटवर्कवर जाता येतं का? न लागणारे फाइल-प्रकार बंद करता येतात का? ज्या कार्यालयाने डेजाव्यूची फाइल आयुष्यात पाहिली नाही, त्याने ती वाचण्याची क्षमता चालू ठेवण्याचं कारण काय?

हे सगळं मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला देश म्हणजे जपान. 2015 च्या जूनमध्ये तिथल्या निवृत्तिवेतन सेवेने सुमारे साडेबारा लाख व्यक्तिगत नोंदी फुटल्याचं जाहीर केलं. सुरुवात मेलमधूनच झाली होती. त्यानंतर तिथल्या संबंधित मंत्रालयाने देशभरातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांची नेटवर्कं तीन थरांत तोडली: नागरिकांच्या क्रमांकांचं काम एकीकडे, शासकीय नेटवर्क दुसरीकडे, इंटरनेट तिसरीकडे. इंटरनेटकडून आत येणारी फाइल सॅनिटाइझ करूनच घ्यायची. छोट्या गावच्या कचेरीतल्या कारकुनालासुद्धा फाइल सॅनिटायझेशन ही रोजची पायरी झाली. सुरक्षा वाढली, कुरबुरीही वाढल्या: मॅक्रो गेलेले तक्ते, हललेली मांडणी, प्रत्येक फाइलीमागे वाट पाहणं. 2020 मध्ये मंत्रालयाने आराखड्याचा फेरविचार केला आणि कामाचे संगणक इंटरनेटच्या बाजूला ठेवण्याची वेगळी रचनाही मान्य केली, अर्थात त्यासाठी वेगळी पथ्यं घालून. मला यात माघार दिसत नाही. पाच वर्षांत काय गमावलं याचा हिशेब मांडायला ते बसले, ही मला मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे मोड एकदा लावला की ॲडमिन बदलेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. पहिली दोन प्रकरणं फाइलींच्या रचनेची आहेत. डॉकएक्स उघडून पाहण्याचा उद्योग ज्यांनी केला त्यांनी ती चाळली तरी चालेल. मोडचं प्रकरण आणि त्याच्यामागचं चुकांचं प्रकरण मात्र सलग वाचावं, आणि एकट्या ॲडमिनने वाचू नये. लेखा विभागातला एक माणूस, आवक-जावक सांभाळणारा एक आणि कायद्याची बाजू पाहणारा एक, एवढे बरोबर हवेत, कारण सूत्र, सही आणि फॉन्ट गेल्याचं पहिल्यांदा त्यांनाच कळणार आहे.

चाचणीच्या परिशिष्टात लेखकांनी एक खबरदारी दिली आहे, तिच्यात मी एक भर घालतो. अँटिव्हायरस तपासायला जी 'आयकार' नावाची प्रमाणित फाइल वापरतात, तिने सॅनिटायझर तपासला जात नाही. ती 68 अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे, आणि ती ओळखणं हे अँटिव्हायरसचं काम. सॅनिटायझरसाठी आपल्याच कार्यालयातल्या मागच्या महिन्याच्या फाइलींचा संच करावा, त्यात एखादी मोडकी फाइल आणि एखादी पासवर्डची झिप मुद्दाम घालावी. तो प्रत्येक मोडमधून काढावा आणि निघालेल्या फाइली त्या वापरणाऱ्यांकडून उघडून घ्याव्यात. माझी भर अशी: व्हेंडरने इंजिनाचं अपडेट दिलं की हाच संच पुन्हा चालवा. अपडेटमध्ये फाइल वाचण्याची रीत बदलते, काल टिकणारं सूत्र आज जातं, काल अडणारी फाइल आज सुटते, आणि पॉलिसीच्या स्क्रीनवर एक टिकसुद्धा हललेली नसते. संचाची मूळ आणि निघालेली अशी दोन्ही रूपं तारखेसह वेगळ्या डिस्कवर ठेवावीत, आणि त्या डिस्कची किल्ली ॲडमिनखेरीज आणखी एकाकडे असावी.